परदेशस्थ विद्वानांचा संघ



अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी आपल्या व्यवसायबंधुत्वाला संघटित स्वरूप द्यावे काय, आणि द्यावयाचे तर ते कोणत्या पायावर, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे. आणि त्याचा विचार करताना, आपल्याप्रमाणेच आशिया खंडातून येथे आलेल्या कोरियन शास्त्रज्ञांनी अर्ध्या शतकापूर्वी जे केले, त्याचे परिशीलन आपणांस अतिशय उपकारक होईल अशी माझी धारणा आहे.

कोरियन माणूस अमेरिकेच्या अमलाखालील भूमीवर मोठ्या संख्येने प्रथम आला तो १९०३ साली, हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून. पुढे १९२४ च्या कायद्याने आशियाई लोकांना हे द्वार जवळजवळ बंद झाले, आणि १९६५ च्या कायद्याने विद्या व कौशल्य यांच्या बळावर ते पुन्हा उघडले. आपल्यापैकी बहुतेकांची येथील वस्ती याच कायद्याची परिणती आहे. परंतु त्यापूर्वीही विद्यार्जनासाठी आलेले काही असामान्य पुरुष या देशात एकाकीपणे ज्ञानसाधना करीत होते. १९४८ मध्ये यूटा विद्यापीठात आलेल्या री ताइक्यू यांनी हेन्री आयरिंग यांच्या सहकार्याने द्रवांच्या प्रवाहाविषयीचा सिद्धांत मांडला. कांग दावोन यांनी ओहायोत डॉक्टरेट संपादन केली आणि बेल प्रयोगशाळेत इजिप्तहून आलेल्या मोहम्मद अटाला यांच्यासमवेत १९५९ च्या सुमारास तो ट्रान्झिस्टर सिद्ध केला, ज्यावर आजच्या संगणकयुगाची अवघी इमारत उभी आहे. दोन परदेशस्थ एका प्रयोगशाळेत भेटले आणि त्यांनी जगाचे यंत्रशास्त्र पालटले, ही घटना आपण सर्वांनी मनात धरावी अशी आहे.

तथापि व्यक्तीची कीर्ती कितीही उज्ज्वल असली, तरी तिचा अनुभव तिच्याबरोबरच लोपतो, हे कठोर सत्य आहे. संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज कसा करावा, बढतीची मागणी कोणाकडे व कोणत्या शब्दांत मांडावी, व्हिसाची मुदत सरत आली असता कोणाचा सल्ला घ्यावा, हे नवागत तरुणाला कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडत नाही; ते आधी आलेल्याने सांगावे लागते, आणि सांगणारा नेमका गाठ पडेल याची शाश्वती केवळ संस्थाच देऊ शकते. या जाणिवेतून डिसेंबर १९७१ मध्ये वॉशिंग्टन येथे ६९ संस्थापक सभासदांनी कोरियन-अमेरिकन शास्त्रज्ञ व अभियंत्यांचा संघ स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्षपद फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किम सून-क्यंग यांच्याकडे आले.

या संघाच्या उदयामागे मातृभूमीची हाकही होती. १९६६ मध्ये सोल येथे अमेरिकेच्या साहाय्याने विज्ञान व तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक चोई ह्युंग-सुप यांनी परदेशस्थ कोरियन शास्त्रज्ञांना परत आणण्याची तजवीज केली आणि त्यांच्या वेतनाची व निवासाची व्यवस्था अशी चोख ठेवली की त्या दरिद्री देशात तिचा हेवा व्हावा. ब्रुकलिनमध्ये अध्यापन करणारे तरुण प्राध्यापक चुंग कुन-मो यांनी प्रगत विज्ञानाच्या विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक टर्मन यांच्या समितीने १९७० मध्ये तिला पुष्टी दिल्यावर पुढच्याच वर्षी ते विद्यापीठ सनदेनिशी अस्तित्वात आले.

पण येथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. संघाला वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १९७२ मध्ये, त्या देशात लष्करी कायदा पुकारला गेला आणि लोकशाहीचा उरलासुरला आधारही निखळला. देशाची सेवा म्हणजे सत्ताधीशांची सेवा काय? कणभौतिकीतील अग्रगण्य संशोधक बेंजामिन ली यांनी मायदेशी उन्हाळी विद्यालय भरविण्याची योजना त्या दडपशाहीमुळे सोडून दिली. तरीही १९७४ मध्ये सोल विद्यापीठातील विज्ञानशिक्षणाच्या पाहणीसाठी ते गेलेच, कारण विद्यार्थ्यांचे हित त्यांना राज्यकर्त्यांच्या दोषांहून निराळे दिसत होते. १९७७ मध्ये इलिनॉयमधील एका अपघातात, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते कालवश झाले. सरकारचा आश्रय संस्थेला पाठबळ देतो हे खरे. पण विवेक मात्र सभासदांनाच स्वतःजवळ राखावा लागतो, हा त्यांच्या आचरणाचा बोध मला फार मोलाचा वाटतो.

आज व्हर्जिनियातून त्या संघाचा कारभार चालतो. त्याच्या शाखा देशभर पसरल्या आहेत. वार्षिक परिषदेत दोन्ही देशांचे विद्वान एकत्र येतात. आणि शाळकरी मुलांसाठी गणित व विज्ञान यांच्या स्पर्धा ठिकठिकाणी भरतात. ज्या मुलांचा जन्म येथलाच, त्यांना संघाच्या दारात आणण्याची ही दूरदृष्टी मला सर्वांत स्पृहणीय वाटते. कारण केवळ मायदेशाच्या स्मृतीवर पोसलेली संस्था, ती स्मृती बाळगणारांबरोबरच वृद्ध होते.

आपली महाराष्ट्र मंडळे, ज्यांपैकी शिकागोचे मंडळ १९६९ पासून चालत आले आहे, गणेशोत्सव, नाटके आणि मराठी शाळा यांच्याद्वारे आपले सांस्कृतिक जीवन सांभाळीत आली आहेत, आणि त्यांचे ऋण आपणांवर मोठे आहे. परंतु प्रयोगशाळेतील व कारखान्यातील आपल्या अडचणी उत्सवाच्या मंडपात सुटणाऱ्या नव्हेत. पाणपोई घालणाराने वाटसरूची जात-गोत्र न विचारता पाणी द्यावे, तसे प्रत्येक नवागताला विनाअट मार्गदर्शन मिळण्याची सोय आपण करावयास हवी.

म्हणून माझ्या तीन सूचना सभेने विचारात घ्याव्यात. प्रत्येक मोठ्या शहरात नवागतांसाठी व्यवसायवार मार्गदर्शकांचे दफ्तर ठेवावे. संघाचा नित्य खर्च सभासदांच्या वर्गणीतूनच भागवावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी सभेपुढे मांडावा, म्हणजे कोणाच्याही मेहेरबानीपुढे आपला विवेक वाकणार नाही. आणि पहिल्याच वर्षापासून येथे वाढलेल्या तरुण-तरुणींना कार्यकारी मंडळात मतासह स्थान द्यावे. हे ठराव आज मंजूर झाले, तर वर्गणीची पहिली रक्कम मी याच सभेत भरीन, आणि नव्या मार्गदर्शकांच्या दफ्तरात माझे नाव प्रथम नोंदवावे, अशी चिटणिसांना माझी विनंती आहे.