रवांडानंतरचे वचन

११ एप्रिल १९९४. रवांडाच्या राजधानीत, किगालीतल्या एका तंत्रशाळेत दोन हजारांच्या आसपास माणसे आसऱ्याला आली होती, बहुतेक तुत्सी, म्हणजे तेव्हाच्या वंशसंहाराचे लक्ष्य ठरलेल्या अल्पसंख्य समाजातली. पहाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांचे बेल्जियन सैनिक. त्या दिवशी सैनिकांना माघारीचा हुकूम आला. गाड्या निघाल्या आणि काही तासांतच आसऱ्याला आलेल्यांपैकी बहुतेकांची कत्तल झाली.

शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेर कुमक मागत होते. सुरक्षा परिषदेने दहा दिवसांनी उलट फौजच २७० पर्यंत घटवायचे ठरवले! सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास बळी गेले.

या नामुष्कीनंतर, २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत देशांनी एक जबाबदारी मान्य केली. वंशसंहारासारख्या गुन्ह्यांपासून नागरिकांना वाचवणे हे आधी त्यांच्या सरकारचे काम. ते उघड कमी पडले, तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाचे. परिषदेच्या स्थायी सदस्यांचा, कोणताही ठराव एकट्याने रोखण्याचा नकाराधिकार मात्र शाबूत राहिला. खरी मेख तीच.

२०११ मध्ये सुरक्षा परिषदेत लिबियातल्या नागरिकांच्या रक्षणासाठी हवाई हल्ल्यांना मंजुरी मिळाली. मतदानात भारत तटस्थ होता. बेनगाझी शहरावर चालून आलेले हुकूमशहा गद्दाफींचे सैन्य थोपले, पण मोहीम त्यांची राजवट कोसळेपर्यंत लांबली. त्याच वर्षी सीरियातल्या सरकारी दडपशाहीविरुद्ध ठराव आला, तेव्हा रशियाने लिबियाचा दाखला दिला आणि चीनसह नकाराधिकार वापरला.