तलावातील उपद्रवी मासे आणि धनुष्यबाण



द्रौपदी-स्वयंवरातील मत्स्यवेध आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र आजही सार्वजनिक तलावांवर खराखुरा मत्स्यवेध चालतो. त्याचे एक प्रमुख लक्ष्य म्हणजे कॉमन कार्प. १८७७ साली तेथील सरकारनेच हा मासा जर्मनीहून अन्नासाठी आणला. तो तळाचा चिखल उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांचा आसराच नाहीसा होतो.

म्हणून दोरी बांधलेल्या बाणाने त्याची शिकार करण्यास तेथे अनुमती आहे. ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु अटींसह. गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो, बाण लागलेला नाही. तेव्हा नेम धरण्यापूर्वी माशाची जात ओळखता आलीच पाहिजे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. नवखा नेमबाज त्याला केवळ जखमी करतो. मारलेले मासे काठावर कुजत टाकू नयेत. पोहण्याच्या जागांपासून शिकार दूर असावी.

तथापि, कार्पची मोठी मादी एका हंगामात दहा लाखांहून अधिक अंडी घालू शकते. बाणाने संख्या आटोक्यात ठेवण्यास हातभार लागेल, निर्मूलन होणार नाही. भारतातही १९५२ मध्ये तिलापिया आणि १९५७ मध्ये कार्पचा बँकॉक वाण आणला गेला. मासा सोडणे सोपे, काढणे महाकठीण! घरच्या काचपेटीतील मासे तलावात सोडायचे नाहीत, हा संस्कार आपल्या कुटुंबापासूनच सुरू व्हावा.