पडद्यावरचा सावकार कुठे गेला?

(यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान)



लोकप्रिय चित्रपट म्हणजे रिकामपणाचा विरंगुळा, अशी पुरोगामी मंडळींची जुनी समजूत आहे. ती बरोबर नाही. जेथे अग्रलेख पोचला नाही, तेथे यात्रेच्या तंबूतला सिनेमा पोचला. आपल्यावर अन्याय कोण करतो, याविषयीची लोकांची कल्पना काही अंशी त्या पडद्यावर घडली. म्हणून कर्जबाजारी शेतकरी मराठी पडद्यावर कसा बदलत गेला, हे कार्यकर्त्यांनी पाहणे अगत्याचे आहे.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या खोट्या कागदामुळे तरुण शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणीकामगार होतो. ही भूमिका व्ही. शांतारामांनी केली होती. त्यापूर्वी पन्नास वर्षे, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली होती. पडद्यावरचा तो कागद प्रेक्षकांच्या ओळखीचा होता. १९३६ मध्ये हीच कथा बोलपटातून पुन्हा आली. या चित्रपटात शत्रूला चेहरा होता आणि त्याच्या हातात चोपडी होती.

स्वातंत्र्यानंतर सहकार आला आणि शत्रूही बदलला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला. त्यातील हिंदुराव हा साखर कारखान्याचा धनी आहे, आणि तो परका नाही, गावचाच आहे. निळू फुले यांनी त्याला असा उभा केला की, ग्रामीण सत्तेचे नवे रूप प्रेक्षकाला चटकन उमगले. मात्र ही कथा उसाच्या मुलखाची होती. वऱ्हाडातला कोरडवाहू कापूस तिच्यात नव्हता.

तो आला २००९ साली, सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसेच करील या धास्तीने बायको लहान मुलाला त्याच्या पाळतीवर ठेवते. चित्रपट प्रामाणिक आहे आणि त्यात विनोदही आहे. पण दोष द्यावा असा खलनायक त्यात सापडत नाही. पाऊस आहे, कर्ज आहे, वाया गेलेली पेरणी आहे.

ही उणीव दिग्दर्शकाची म्हणता येणार नाही. अर्थव्यवस्थाच तशी झाली आहे. बियाणे आणि खत उधारीवर येते, कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो आणि ओलिताची सोय नसल्याने जोखीम सारी शेतकऱ्याच्या माथी पडते. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना पुढे मोडीत निघाली. या साखळीचा चेहरा कोणत्या नटाला द्यायचा?

चेहरा नाहीसा झाला की उरते ती कणव. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांत यवतमाळ होते. त्या काळात दूरचित्रवाणीवर या जिल्ह्याची ओळख आत्महत्यांच्या आकड्यापुरती उरली. मरणाच्या बातमीभोवती जमणाऱ्या कॅमेऱ्यांचे वाभाडे २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’ या हिंदी चित्रपटाने काढले.

पण याच माध्यमातून दुसरेही काही घडू शकते. ब्रिटनमध्ये केन लोच यांचे ‘कॅथी कम होम’ हे दूरचित्रवाणी नाटक नोव्हेंबर १९६६ मध्ये बीबीसीने दाखविले. घर गमावलेल्या एका तरुण कुटुंबाची ती कथा कोट्यवधींनी पाहिली. पंधरवड्यातच ‘शेल्टर’ ही संस्था कामाला लागली. तिची तयारी आधीपासूनच चालली होती. तरीही बेघरांसाठीचा कायदा १९७७ साली झाला. मधली अकरा वर्षे चिकाटीने मागणी लावून धरणाऱ्यांची होती.

‘सावकारी पाश’ पाहणाऱ्याला शत्रू दिसला. ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहणाऱ्याला दुःख दिसते. त्या दुःखाचे कारण भाव, पत आणि पाणी या तीन शब्दांत गावोगाव समजावून सांगणे, आणि त्या तिन्हींसाठी संघटना बांधणे, हे काम पडद्याचे नाही. ते कार्यकर्त्यांचे आहे.