गाडीत कोण बसणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाहुणी बोलवायची ती बहुधा मंडळाची वाहवा करण्यासाठी. ते काम चिटणीसबाईंच्या अहवालाने चोख केले आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द यथार्थ आहे. म्हणून मी त्यातल्या एकाच कलमावर बोलणार आहे. फराळाच्या विक्रीतून आणि हळदीकुंकवाच्या वर्गणीतून तुम्ही रुग्णवाहिका निधी साठविला आहे, आणि लवकरच या विभागाला एक गाडी अर्पण करण्याचा तुमचा संकल्प आहे. संकल्प फार मोलाचा आहे. पण अहवालात गाडीच्या किमतीचा उल्लेख आहे, रंगाचा आहे, मंडळाचे नाव कोणत्या बाजूस रंगवावे याचीही चर्चा आहे. रोग्याच्या उशाशी कोण बसणार, याबद्दल मात्र एक ओळ नाही. मी जन्मभर परिचारिकांना शिकविले. माझ्या मनात ही शंका सगळ्यांत आधी यावी हे साहजिकच आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की रुग्णवाहिका म्हणजे वेगाने जाणारी, घंटा वाजविणारी गाडी. वेग हवाच. परंतु ज्याचे हृदय थांबले आहे त्याच्या मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते, आणि आपल्या शहरातल्या रहदारीत चार मिनिटांत कोणते रुग्णालय गाठता येते ते तुम्हीच सांगा! तेव्हा उपचार रुग्णालयाच्या दारात सुरू होऊन भागत नाही. तो जिन्यात, रस्त्यावर आणि गाडीत सुरू व्हावा लागतो. तो करणारे हात कोणाचे, ते काय शिकलेले आणि ते शिक्षण कोणी तपासलेले, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून काढणे अमेरिकेला भाग पडले, आणि तेही पुष्कळ माणसे गमावल्यावर. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. आदल्या एका वर्षात त्या देशात १ लाख ७ हजार माणसे अपघातांनी दगावली होती. त्या अहवालात एक गोष्ट अशी आहे की वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. देशातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवीत होते! कारण एवढेच, की माणूस आडवा मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. जिवंतपणी न्यायला आलेली गाडी आणि मेल्यावर न्यायला येणारी गाडी एकच. बरोबर येणाऱ्या माणसाला काय यावे, याचा सर्व देशाला लागू असा नियम नव्हता.

पिट्सबर्ग शहरात तर हे काम पोलिसांकडे होते. कैदी नेण्याच्या गाडीत मागे रोग्याला ठेवायचे आणि दोन्ही पोलीस पुढे बसायचे. शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट भागात कृष्णवर्णीय वस्ती होती. तेथे ही गाडी कधी येई, कधी येतच नसे. त्याच शहरात डॉ. पीटर सफार नावाचे भूलतज्ज्ञ होते. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची रीत शास्त्रशुद्ध प्रयोगांनी सिद्ध करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. १९६६ सालीच त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनिया राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भर सभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत ते वारले. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर हिल डिस्ट्रिक्टमधल्या म्हातारीला कोण विचारतो?

सफार यांनी एका धर्मादाय निधीच्या आणि फ्रीडम हाऊस नावाच्या स्थानिक संस्थेच्या साहाय्याने १९६७ साली एक पथक उभारायला घेतले. माणसे निवडली ती त्याच वस्तीतली. बहुतेक बेकार, कित्येकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नाही, काही नुकतेच सैन्यातून परतलेले. लोकांनी त्यांना कामाला नालायक ठरविले होते. सफार यांनी त्यांना सुमारे तीनशे तासांचे शिक्षण दिले, आणि ज्यांची शाळा अर्धी राहिली होती त्यांच्याकडून तीही पुरी करून घेतली. शरीररचना, शुश्रूषा, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, हृदयावर दाब देणे, रुग्णालयात प्रत्यक्ष उभे राहून शिकणे, असा तो क्रम होता. त्या काळी इतर ठिकाणी प्रथमोपचाराचा छोटासा वर्ग झाला तरी फार झाले असे समजत. १९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या, आणि पहिल्याच वर्षी पाच हजारांहून अधिक हाकांना त्यांनी ओ दिली.

मला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की आत येण्याचा उंबरठा त्यांनी खाली ठेवला आणि बाहेर पडण्याचा उंचावला. आपल्याकडे पुष्कळदा उलट असते. प्रवेशाला टक्केवारी, ओळखपाळख, दाखले. आणि एकदा आत गेले की तीन वर्षांनी कागद हातात पडणारच!

१९७४ मध्ये या पथकाची वैद्यकीय प्रमुख म्हणून एक तरुण स्त्री आली, डॉ. नॅन्सी कॅरोलाइन. ती नुसती कार्यालयात बसून कागदांवर सह्या करणारी नव्हती. ती स्वतः गाडीबरोबर जाई, काय चुकते ते पाही आणि लगेच शिकवी. या कामाचा देशभर चालेल असा अभ्यासक्रम लिहिण्याचे काम पुढे केंद्र सरकारच्या परिवहन खात्यातर्फे तिच्याकडे आले, आणि त्यातून १९७९ साली रस्त्यावरच्या तातडीच्या उपचारांवरचे तिचे पाठ्यपुस्तक निघाले. तिला जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली, तरी त्या पुस्तकाच्या आवृत्त्या तिच्याच नावाने निघत राहिल्या आहेत.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. १९७५ साली पिट्सबर्ग नगरपालिकेने आपली स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. त्याच्या माणसांना नव्या सेवेत घेतले खरे, पण नव्या परीक्षा, नव्या अटी लावून एकेकाला बाहेरची वाट दाखविण्यात आली. जे टिकले त्यांतल्या पुष्कळांना त्यांच्याहून कमी अनुभवाच्या गोऱ्या माणसांच्या हाताखाली काम करावे लागले. ज्यांच्यामुळे या विद्येची परीक्षा जन्माला आली, त्यांनाच परीक्षेने गाळले! तेव्हा परीक्षा म्हटली की ती चांगलीच, असे मी म्हणणार नाही. जे काम करायचे तेच तपासणारी, जे शिकविले त्यावरच बेतलेली आणि सर्वांना एकाच मापाने मोजणारी परीक्षा हवी. नाही तर परीक्षा हीच गाळण्याची चाळणी होऊन बसते.

तिकडची आजची पद्धत थोडक्यात सांगते. १९७० साली स्थापन झालेली राष्ट्रीय नोंदणी संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, आणि काम करण्याचा परवाना ज्याचे त्याचे राज्य देते. या दोहोंतला फरक ध्यानात घ्यावा. प्रमाणपत्र म्हणजे अमक्या दिवशी तिला हे येत होते याची साक्ष. परवाना म्हणजे ते करण्याची कायद्याने दिलेली मोकळीक. यांत चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस मदत येईपर्यंत सांभाळतो. दुसरी पायरी तंत्रज्ञाची. तिला साधारण दीडशे तासांच्या वर शिक्षण लागते. प्राणवायू देणे, रक्तस्राव थांबविणे, मोडलेले हाड बांधणे, छातीवर दाब देणे, विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र वापरणे, हे त्याचे काम. तिसरी त्याहून थोडी वरची. चौथी पॅरामेडिकची. तिला हजार-बाराशे तास आणि त्याहूनही अधिक लागतात, कारण तो शिरेतून औषधे देतो, हृदयाचा आलेख वाचतो, श्वासनलिकेत नळी घालतो. आपल्या पायरीपलीकडचे काम करण्याची त्याला परवानगी नाही, मग प्रसंग कितीही बाका असो.

आणि हे प्रमाणपत्र जन्मभराचे नसते. दर दोन वर्षांनी ते नवे करावे लागते. तंत्रज्ञाने त्या अवधीत ४० तास पुन्हा शिकायचे, पॅरामेडिकने ६० तास. हे ऐकून माझ्या एका नातेवाईक बाई म्हणाल्या, "हा काय पोरखेळ! एकदा शिकलेले कोणी विसरते का?" विसरते, भगिनींनो. पोहणे विसरत नाही, हे विसरते. शिकून गेलेल्या मुली सहा महिन्यांनी पुन्हा वर्गात आल्या, की छातीवर दिलेला दाब उथळ पडू लागलेला असे. दाब निदान दोन इंच खोल आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने द्यावा लागतो. हाताला ही सवय नुसत्या वाचनाने राहत नाही. त्यासाठी सरावाची बाहुली असते. ती १९६० साली नॉर्वेतल्या खेळणी करणाऱ्या आस्मुंड लेर्दाल यांनी तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असे सांगतात. जिला कोणी वाचवू शकले नाही तिच्या चेहऱ्यावर जगभरचे लोक वाचवायला शिकले. हे थोडे विषयांतर झाले, पण ती बाहुली पाहिली की मला नेहमी हे आठवते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. महाराष्ट्राने तंत्रज्ञाऐवजी गाडीत डॉक्टर बसविण्याची वाट धरली. इतर पुष्कळ राज्यांत तंत्रज्ञ असतो. कोणती वाट बरी यावर वाद होऊ शकेल. माझे मत असे, की डॉक्टर असला तरी या कामाचे वेगळे शिक्षण त्यालाही हवेच. दवाखान्यातल्या टेबलाशी बसणे वेगळे आणि हलत्या गाडीत शीर शोधणे वेगळे.

गंमत अशी, की गाडीबद्दलचे नियम आपल्याकडे आधी आले. एआयएस १२५ या संहितेत गाड्यांचे चार वर्ग ठरविले आहेत: केवळ मदत घेऊन जाणारी, रोग्याची ने-आण करणारी, प्राथमिक उपचारांची आणि प्रगत उपचारांची. माणसाबद्दलचा कायदा मागाहून, म्हणजे २०२१ साली आला. त्याने सहायक आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग नेमला, आणि त्याच्या यादीत तातडीच्या वैद्यकीय सेवेचा तंत्रज्ञ आणि पॅरामेडिक यांचा समावेश केला. सहायक आरोग्य व्यावसायिकाला किमान २००० तासांचे शिक्षण हवे असे त्यात म्हटले आहे. कायदा झाला म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक गाडीत शिकलेला माणूस आला असे नव्हे. आमच्या शेजारच्या काकांना एकदा एका खाजगी गाडीतून नेले. गाडी नवी कोरी होती आणि प्राणवायूचे नळकांडेही भरलेले होते. पण ते उघडण्याची किल्ली कोठे असते हे बरोबरच्या मुलाला ठाऊक नव्हते. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? त्याला स्ट्रेचर उचलण्यापुरतेच ठेवले होते. काका सुखरूप राहिले, ते मात्र दैवाने.

म्हणून माझी मंडळाला सूचना अशी. आपली गाडी ने-आण करणाऱ्या वर्गातलीच घ्यावी आणि गाडीवर तसे स्पष्ट लिहावे. डायलिसिसला जाणारे, प्लास्टर घातलेले, रुग्णालयातून घरी परतणारे, यांची या विभागात केवढी अडचण होते ते तुम्ही जाणताच. जिवावरच्या प्रसंगी १०८ लाच फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि निधीतली काही रक्कम गाडी घेण्यापूर्वीच बाजूला काढून आपल्याच वस्तीतल्या दोन मुलींना या विद्येच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला पाठवावे. कोणाची लेक, कोणाची सून हे पाहू नये. ज्यांना शिकण्याची ओढ आहे पण फी परवडत नाही अशा दोघी निवडाव्यात. संस्था निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून चौकशी करावी. एकूण तास किती, त्यांतले रुग्णालयात किती आणि गाडीवर किती, परीक्षा शिकविणाराच घेतो की बाहेरचा, आणि ते प्रमाणपत्र कोण मानतो? नुसता भिंतीवर टांगण्याजोगा कागद देणारे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. गाडीवर जो कोणी बसेल त्याचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंतचे आहे हे मंडळाच्या वहीत लिहिलेले असावे, आणि तारीख उलटली की त्याला पुन्हा शिकायला धाडण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला असावा. पेट्रोलचा खर्च आपण धरतोच ना?

ज्यांना वाटते की हे सारे तरुणींचे काम, त्यांना एवढेच सांगते, की गाडी येईपर्यंतची दहा मिनिटे घरातल्याच माणसांची असतात. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत गुंतवतील ही भीतीही आता धरू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा मदतनिसाला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. सरावाची बाहुली माझ्या जुन्या शाळेतून आणविण्याची व्यवस्था मी करीन. मंडळाने एक कोरडी खोली आणि तीन सतरंज्या द्याव्यात. गुडघे दुखणाऱ्या भगिनींनीही यावे, त्यांना टेबलावर बाहुली ठेवून शिकवू. एका वर्गाला वीस जणी पुरेत. नावे शनिवारपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यावीत.