कर्ज काढलं, औषध फुकट होतं

आज आधी माझी एक चूक सांगते.

गेल्या वर्षी आपल्या एका गटातल्या ताईंना सारखा थकवा यायचा. शेजारच्या गावातून काविळीची माळ आणून झाली, पथ्य झालं. शेवटी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिपॅटायटिस सी निघाला. बाळंतपणात त्यांना रक्त चढवलं होतं, त्याला वीस वर्षं झाली. तिथूनच आला असेल, असं डॉक्टर म्हणाले. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरतो, माणसाला पत्ता लागत नाही.

तपासण्या आणि गोळ्या मिळून तीस हजारांच्या पुढे खर्च सांगितला. गटाने कर्ज दिलं. ठराव मीच लिहिला. कानातलं मोडलं ते वेगळंच. आणि तीन महिन्यांनी, हप्ते चालू असताना, मला कळलं की हीच तपासणी आणि याच गोळ्या सरकारी योजनेत मोफत आहेत. २०१८ पासून! समन्वयक म्हणून मिरवते मी, आणि मला माहीत नव्हतं.

ही योजना म्हणजे राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम. २८ जुलै २०१८ ला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, ती सुरू झाली. पण ती कुणी उदार होऊन दिली असं समजू नका. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सी वरची नवी गोळी आली, सोफोसबुविर. एक गोळी हजार डॉलरची. बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्या, म्हणजे ८४ हजार डॉलर. आपल्या देशात या औषधाच्या पेटंटला हरकत घेणाऱ्यांत दिल्लीतली एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संघटना होती. स्वतः आजारी माणसं, पण पेटंट कार्यालयात कागद घेऊन गेली. २०१५ च्या जानेवारीत कंपनीचा अर्ज फेटाळला गेला, पुढच्या वर्षी मात्र पेटंट मिळालं. म्हणजे ही लढाई पूर्ण जिंकली असं नाही. पण पेटंट मिळण्याआधीच कंपनीने भारतीय कारखान्यांना परवाने दिले आणि किंमत हजारांत आली. गरिबाला तीही जड. मणिपूरमध्ये रुग्णांच्या संघटना मोफत उपचार मागत राहिल्या. पंजाब सरकारने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले. मग देशाची योजना आली.

सी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचा. बी, म्हणजे आपल्याकडची पांढरी कावीळ, जुनाट झाली की सहसा पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहते. बी ला लस आहे, सी ला नाही. आईला बी असेल तर बाळंतपणात तो बाळाला जाऊ शकतो, म्हणून बाळाला पहिली लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवी. सुनेचं, लेकीचं बाळंतपण खासगीत असलं तरी विचारा, "बी ची लस टोचली का?" आणि गरोदरपणी बी ची तपासणी मागून घ्या.

एकत्र जेवल्याने, एका तांब्यातून पाणी प्यायल्याने बी किंवा सी होत नाही. आपल्या ताईंचं ताट मात्र घरात वेगळं झालं होतं. जाऊबाई पोरांना जवळ जाऊ देत नव्हत्या.

ग्रामसभेला आम्ही चौदा जणी गेलो. मागणी साधी होती: मोफत तपासणी कुठे, औषध कुठे, कुठल्या वारी, हे उपकेंद्राच्या भिंतीवर लिहा. कुणीतरी मागून म्हणालं, "हा एकीचाच प्रश्न आहे." तेव्हा ताई उठल्या. त्यांनी उठावं असं आम्ही ठरवलं नव्हतं, मी तर नकोच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "ती एक मीच. अजून कुणाला आहे, हे तपासल्याशिवाय तुम्हाला कसं कळलं?"

ठराव झाला. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे प्रत दिली, पोच घेतली. पोच घ्याच बायांनो, नाहीतर कागद कुठे जातो ते देवाला ठाऊक. दोन महिन्यांनी भिंतीवर मजकूर आला. जिल्ह्याला जायच्या एसटी भाड्याचं काही झालेलं नाही, ते पत्र अजून फिरतंय.

ताईंचं कर्ज अजून सात हप्ते आहे. व्याज माफ करायचं गटाने ठरवलं. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं होतं, ते या वेळी सरकारी रुग्णालयात, मोफत झालं. विषाणू सापडला नाही. रिपोर्ट त्यांनी आधी जाऊबाईंना वाचायला दिला.