मारी : युफ्रेटिसकाठचे एक नगर



सन १९३३ मध्ये सीरियाच्या पूर्व भागात काही बेदुइन कबर खणीत असता शिर नसलेला एक दगडी पुतळा वर आला. त्याच वर्षाअखेरीस आंद्रे पारो हे फ्रेंच संशोधक तेथे उत्खननास आले आणि मारी नगर उजेडात आले.

त्या प्रदेशात पावसाच्या भरवशावर पीक येत नाही. तरीही इ. स. पूर्व २९०० च्या सुमारास येथे नगर वसले, याचे कारण नदी. बाबिलोन आणि सीरिया यांमधील नौकांची ये-जा मारीवरून होई, आणि धान्य, मद्य, लाकूड यांवर जकात बसे. आम्हांला वाटते, या नगरास शेताहून नाक्याने अधिक पोसले.

झिम्री-लिम हा तेथील शेवटचा राजा. त्याच्या वाड्यात सुमारे ३०० दालने होती, आणि त्यांत सापडल्या वीस हजारांवर मातीच्या लेखविटा. एका पत्रात राजा राणी शिब्तूस कळवितो : वाड्यातील अमुक स्त्री आजारी आहे, तिच्या पेल्याने कोणी पिऊ नये, तिच्या आसनावर बसू नये, तिच्या बिछान्यावर निजू नये. रोग एकापासून दुसऱ्यास लागतो, हे पावणेचार हजार वर्षांपूर्वी त्यांनी ताडले होते! दुसऱ्या एका पत्रात त्यापूर्वीचा सम्राट शमशी-अदाद आपल्या मुलाला विचारतो की, तू अजून पोरच आहेस काय, तुला दाढी फुटली नाही काय? असले बाप आपल्या परिचयाचे आहेत.

बाबिलोनचा हम्मुराबी हा झिम्री-लिमचा मित्र. मारीचे सैन्य त्याच्या मदतीस धावलेही होते. पण इ. स. पूर्व १७६१ च्या सुमारास त्याने मारी घेतले आणि पुढे तट पाडून वाडा जाळला. मात्र आग लावण्यापूर्वी त्याच्या लेखनिकांनी सारे दप्तर चाळले, वर्गवारी केली आणि राजकारणाची निवडक पत्रे उचलली. हम्मुराबीच्या काळचे बाबिलोन आज भूजलाखाली आहे. तेथून ती पत्रे कोण काढणार? बाकीची, म्हणजे आजाऱ्याच्या पेल्याची आणि बापाच्या रागाची, कोसळलेल्या भिंतींखाली सुरक्षित राहिली. शत्रूने जे बिनमोलाचे ठरविले, त्यावरच आपण मारीचा इतिहास लिहितो.

सन २०११ नंतरच्या यादवीत चोरट्यांनी या टेकाडात शेकडो खड्डे खणले. या वेळी काय नेले, त्याची यादी कोणी केलेली नाही.