सारखी अक्षरे, निराळे अर्थ

सातबारा म्हणजे काय, हे निघोजे, महाळुंगे, कुरुळी, मोई या गावांतल्या माणसांना सांगायला नको. निघोज्याच्या शिवारात आज मोटारींचा कारखाना उभा आहे. एमआयडीसीचे संपादन झाले, उरलेल्या रानाचे गुंठे पडले, आणि प्रत्येक व्यवहारात हा कागद हातोहात फिरला. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. या कागदावरचे जुने शब्द अक्षरांनी एकमेकांसारखे दिसतात, पण अर्थाने फार दूरचे असतात. तो फरक समजून घेतल्याशिवाय कोणीही सही करू नये.

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा घ्या. जिरे, शहाजिरे, ओवा, बडीशेप. दिसायला सगळी एकाच घरची भावंडे. आजीच्या वाट्यांवर चिठ्ठ्या नसतात, कारण तिच्या बोटांना आणि नाकाला ओळख असते. नव्या माणसाला मात्र कुणीतरी सांगावे लागते. नाहीतर फोडणी होते, पण पदार्थ भलताच होतो. सातबारा हा तसाच डबा आहे. एक रकाना पाहा. खातेदाराच्या नावापुढे ओळीने येते: क्षेत्र, आकार, पो.ख. (पोटखराबा), फे.फा. (फेरफार). समजा क्षेत्राखाली 0.40.00 आहे आणि आकाराखाली 1.25. आजची बोली मनात धरून वाचणारा मुलगा म्हणेल, आकार म्हणजे जमीन केवढी ते, म्हणजे सव्वा एकर. ते चूक आहे. आकार म्हणजे जमिनीवर बसवलेला सरकारी सारा: एक रुपया पंचवीस पैसे. जमीन मोजायची ती ‘आर’मध्ये. चाळीस आर, म्हणजे एकराला थोडी कमीच. आर हे क्षेत्र, आकार हा सारा, आणि आकारबंद ही या दोहोंची गावाची नोंदवही. पुन्हा सांगतो, आकार म्हणजे क्षेत्र नव्हे.

आता गावठाण आणि गायरान. गावठाण ही वस्तीची जागा. गायरान ही गुरांच्या चराईची, सरकारी मालकीची जमीन. ती कोणी खाजगी माणूस विकू शकत नाही. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावोगावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखा, असे सर्व राज्यांना बजावले, त्यात गायरानेही आली. पोटखराब्यात, म्हणजे लागवडीखाली न धरलेल्या जमिनीत, तर फरक एकाच अक्षराचा. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक जमीन किंवा शेतकऱ्याचे खळे, गोठा. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, स्मशान अशा लोकांच्या वापराखालची जागा. पहिला खराबा कष्ट करून सुधारता येतो. दुसऱ्यावर गावाचा हक्क असतो. आणि वाट, वाटप, वहिवाट? वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागायची. वाटप म्हणजे हिस्से पाडणे. वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष ताबा आणि वापर. वहिवाट सांगणारा प्रत्येक जण मालक असतोच असे नाही.

यावर काही जण म्हणतील, हे शब्द जुनाट आहेत, बदलून टाका. सोपे शब्द जरूर आणावेत. पण गेल्या शंभर वर्षांचे फेरफार याच शब्दांत लिहिलेले आहेत, आणि कोर्टाचे निकालही. नवा शब्द आला तरी जुना कागद आपले अक्षर बदलणार नाही. दुसरे म्हणतील, त्यासाठी वकील आहे, एजंट आहे. वकिलाचा सल्ला घ्यावाच. पण तो वाचून दाखवतो, सही तुमची असते, आणि निस्तरायचेही तुम्हालाच. तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: जमीन गेलीच, आता शब्द शिकून काय करायचे? मला हे मुळीच पटत नाही. एकरांचे गुंठे झाले, त्यामुळे प्रत्येक गुंठ्याचे मोल वाढले आणि चुकीचेही. शिवाय 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. कागद दारात आला. तो वाचणारी ओळख मात्र आजोबांबरोबर चालली आहे. डबा घरात आहे, पण त्यातले जिरे कोणते आणि ओवा कोणता हे सांगणारे हात थकले आहेत.

‘कूळ’ या शब्दावर बोलायचे राहिले. एक कूळ घराण्याचे, दुसरे जमीन कसणाऱ्याचे. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाने दुसऱ्या कुळाला मालकीची वाट मोकळी केली, म्हणून अनेक सातबाऱ्यांवर इतर हक्कांत कूळ कायद्याच्या कलम 43 चा शेरा दिसतो. पण वेळ संपत आली आहे. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे: आठवी-नववीच्या वर्गात एकदा गावचा सातबारा फळ्यावर लिहा आणि मुलांकडून वाचून घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, येत्या रविवारी नातवंडांना जवळ बसवून आपल्या खात्याचा उतारा शब्द न् शब्द समजावून सांगा. आकार म्हणजे क्षेत्र नव्हे, इथून सुरुवात करा.